पिशवीपासून कणापर्यंत : बारीक प्लास्टिक जनावरांच्या आणि आपल्या शरीरात नक्की काय करतं?

रानवाटा

मी पशुवैद्यक आहे. बाजाराच्या गावात दवाखाना. मार्च सरला, चारा आटला की मोकाट सोडलेल्या गाई उकिरड्याकडे वळतात आणि काही दिवसांनी आमच्याकडे येतात. तक्रार ठरलेली असते. खात नाही, रवंथ करत नाही, दूध उतरलं. डावी कूस दाबली की बोटाचा खळगा तसाच राहतो. औषधाने भागलं नाही तर रुमेनोटॉमी, म्हणजे रुमेन हा पोटाचा पहिला मोठा कप्पा उघडायची शस्त्रक्रिया, करावी लागते.

गाय उभीच असते. कुशीत भूल द्यायची, चीर घ्यायची, रुमेनची भिंत बाहेर ओढून कातडीला टाक्यांनी पक्की करायची, म्हणजे आतला लगदा पोटाच्या पोकळीत सांडत नाही. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून हात आत. पिशव्या सुट्या कधीच येत नाहीत. सुतळी, नायलॉनची दोरी, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे असं सगळं एकमेकांत वळून घट्ट गोळा झालेला असतो. तो बाहेर काढायला कधी कधी दोघांना ओढावं लागतं. गोळा धुताना एक गोष्ट दरवेळी दिसते. काही पिशव्या अजून लवचिक असतात, पण ज्या उन्हात वाळून कडक झाल्यावर पोटात गेल्या त्या बोटांत धरल्या की चुरतात. बादलीच्या तळाशी त्यांचा चुरा बसतो.

मोठं प्लास्टिक काय करतं ते मला रोज दिसतं. जागा अडवतं, वाट बुजवतं, पोट भरलेलं असून जनावर उपाशी राहतं. माझा प्रश्न त्या चुऱ्याबद्दल आहे, आणि त्याहून बारीक असलेल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या कणांबद्दल.

थोडं वाचलंय ते मांडतो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. प्लिमथ विद्यापीठाच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ सालच्या निबंधापासून हा शब्द रूढ झाला. एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या खालचं ते नॅनोप्लास्टिक. जनावरांबद्दल मला सगळ्यात जवळचा वाटलेला अभ्यास स्पेनच्या मुर्सिया भागातला, २०२१चा. तिथेही भाजीपाल्याच्या रानात आपल्यासारखाच मल्चिंग पेपर, म्हणजे जमीन झाकायचा प्लास्टिकचा कागद, अंथरतात आणि पीक निघालं की त्याच रानात मेंढ्या सोडतात. लेंड्या तपासल्या तर ९२ टक्के नमुन्यांत प्लास्टिकचे कण. नेदरलँड्समध्ये २०२२ साली एक प्राथमिक तपासणी झाली, त्यात १२ गाई आणि १२ डुकरांचं रक्त पाहिलं. सगळ्यांत प्लास्टिक आढळलं.

मला दोन गोष्टी वेगळ्या करून हव्या आहेत. अमुक अवयवात कण सापडला, ही एक. त्या कणाने तमुक बिघाड केला, ही दुसरी. बातम्यांत दोन्ही एका दमात सांगतात आणि शेतकऱ्याने विचारलं, "डॉक्टर, दूध चालेल का?" तर त्याला काय सांगायचं याचा पाया पक्का राहत नाही. इथे प्रयोगशाळेत काम करणारे, डॉक्टर, कारखान्यांत वावरणारे लोक आहेत. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा.

निशिगंधा

डॉक्टर, धाग्याबद्दल आभार. विषशास्त्र हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उंदरांच्या प्रयोगांपासून सुरुवात करते. बिघाड होतो की नाही याचा बहुतेक पुरावा तिथलाच आहे.

तोंडावाटे गेलेला कण किती आत जाईल हे मुख्यतः त्याच्या आकारावर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या पिण्याच्या पाण्यावरच्या अहवालानुसार १५० मायक्रॉनपेक्षा मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी, ते विष्ठेतून निघून जातात. तुमच्या मेंढ्यांच्या लेंड्यांत दिसले त्यांतले बरेचसे याच गटातले असणार. खरी काळजी खालच्या टोकाची आहे. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या गटाने २०२३ साली उंदरांना पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचे तीन आकारांचे मणी पाजले : साधारण १०, १ आणि ०.३ मायक्रॉन. दोन तासांत सगळ्यात बारीक मणी मेंदूत सापडले. मोठे दोन्ही आकार सापडले नाहीत.

अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात गाभण रॅटच्या श्वासनलिकेत पॉलिस्टायरिनचेच २० नॅनोमीटरचे कण सोडले (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग). चोवीस तासांनी ते वारेत आणि गर्भाच्या यकृतात, फुप्फुसात, हृदयात, मूत्रपिंडात, मेंदूत होते. गर्भाचं वजनही न सोडलेल्या गटापेक्षा कमी भरलं. पॉलिस्टायरिन वार ओलांडतं, एवढं तरी यातून पक्कं झालं.

आता दुसरी बाजू. २०१७ साली चीनमधल्या एका गटाचा निबंध खूप गाजला. उंदरांना २८ दिवस ५ आणि २० मायक्रॉनचे मणी दिले आणि यकृत, मूत्रपिंड, आतड्यात ते साचल्याचं, यकृतात बदल झाल्याचं सांगितलं. शेकडो निबंधांनी त्याचा दाखला दिला. पण जर्मनीच्या धोका-मूल्यमापन संस्थेतल्या शास्त्रज्ञाने त्यातले साठ्याचे आकडे पटण्यासारखे नाहीत असं सविस्तर लिहिलं. त्याच संस्थेने २०१९ साली स्वतः १, ४ आणि १० मायक्रॉनचे मणी उंदरांना २८ दिवस देऊन पाहिले. आतड्याच्या भिंतीत तुरळक कण मिळाले. ऊतींत इजा नाही, दाह नाही. हा दुसरा अभ्यास वर्तमानपत्रात कधी वाचला का कोणी?

मात्रेचाही हिशेब करा. २०१७च्या प्रयोगातली मधली मात्रा उंदरामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम होती. २५ ग्रॅमच्या उंदराला ते किलोमागे ४ मिलिग्रॅम पडतं. ६० किलोच्या माणसाला त्या प्रमाणात रोज २४० मिलिग्रॅम प्लास्टिक खावं लागेल. माणसाच्या खऱ्या सेवनाचे बरे अंदाज याच्या आसपासही नाहीत.

आणि मणी! बाटलीत विकत मिळणारे, गुळगुळीत, एकसारखे, गोल. रानातला कण खडबडीत, उन्हाने करपलेला, रंग आणि थॅलेट्ससारखी मिसळद्रव्यं घेऊन आलेला असतो. मण्याने काही झालं नाही म्हणून त्याने होणार नाही असं म्हणता येत नाही. उलटही म्हणता येत नाही.

सगळं एकत्र तोलून पाहणारा चांगला आढावा सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आहे, डिसेंबर २०२४चा. ३१ अभ्यास निवडले, त्यांतले २८ प्राण्यांवरचे. प्रजनन, पचन आणि श्वसन या तीन संस्थांना अपाय होत असल्याचा 'संशय' आहे, असा त्यांचा निष्कर्ष. संशय हा शब्द त्यांनी मोजून वापरलाय. तो आरोप सिद्ध झाल्याचा शब्द नाही आणि निर्दोष सुटल्याचाही नाही.

अण्णा_सोलापूर

माझं वय ७१. आमच्या पिढीने डालड्याचे डबे गेले आणि प्लास्टिकच्या बरण्या आल्या ते पाहिलं. त्या बरण्यांतलं लोणचं खाऊन आम्ही ठणठणीत आहोत. आता रोज मोबाईलवर येतं की माणूस आठवड्याला एटीएम कार्डाएवढं प्लास्टिक खातो. पाच ग्रॅम! वर्षाला पाव किलो. एवढं पोटात गेलं असतं तर घराघरात रानवाटांना ऑपरेशनं करावी लागली असती. लोकांना घाबरवून फिल्टर विकायचे, एवढंच मला यात दिसतं.

सूक्ष्मदर्शी

अण्णा, एटीएम कार्डाबद्दल तुमचा संशय बरोबर आहे. तो आकडा २०१९ सालच्या एका अहवालातून पसरला. कणांच्या संख्येवरून वजन काढताना कणांचे आकार फार मोठे धरले गेले होते. २०२१ साली नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठाच्या गटाने आकारांचा नीट हिशेब मांडला. प्रौढ माणसाचं मध्यम सेवन दिवसाला सुमारे ८८३ कण, वजनात ५८३ नॅनोग्रॅम. आठवड्याला चार मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅमपेक्षा दहा लाख पटींहून कमी.

पण यावरून सगळंच थोतांड आहे असं ठरवू नका. हा हिशेब एक मायक्रॉनच्या वरच्या कणांचा आहे. खालचे मोजायचं तंत्रच आत्ता येतंय. कोलंबिया आणि रटगर्सच्या लोकांनी जानेवारी २०२४ मध्ये लेझरच्या नव्या पद्धतीने बाटलीबंद पाणी तपासलं. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण, त्यातले ९० टक्के नॅनो. वजनात नगण्य, पण निशिगंधाताईंनी लिहिलं तसं आत शिरायची ताकद याच आकारात आहे.

मी उट्रेख्टजवळ पृथक्करणाच्या प्रयोगशाळेत आहे, म्हणून मोजणीबद्दल जरा लांबण लावतो. सापडलं की नाही हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नाही. आमच्याकडे नमुना उघडायच्या खोलीत पॉलिस्टरचा शर्ट चालत नाही, सुती अंगरखा लागतो. भांडी काचेची किंवा धातूची. पाणीही गाळून घेतलेलं. आणि प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना चालवायचा : रिकामी बाटली, तीच रसायनं, तीच गाळणी, फक्त रक्त किंवा ऊती नाही. त्या कोऱ्या बाटलीतही तंतू निघतात. दरवेळी निघतात! हवेत असतात, छतावरून पडतात, माणसाच्या अंगावरून येतात. ज्या निबंधात कोऱ्या नमुन्याचे आकडे दिलेले नाहीत तो मी बाजूला ठेवतो.

दुसरी अडचण यंत्राची. रामन सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतो, त्याचा प्रकार कळतो, पण मायक्रॉनभराच्या खाली तो थकतो. दुसरी पद्धत नमुना हवेविना तापवून मोडायची आणि निघालेल्या वायूंवरून कुठलं प्लास्टिक किती होतं ते काढायचं. तिथे वजन कळतं, आकार नाही. आणि पॉलिथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, मोडल्यावर जे तुकडे मिळतात तसेच तुकडे चरबी मोडल्यावरही मिळतात.

हे मुद्दाम सांगतोय कारण मेंदूची बातमी सगळ्यांनी वाचली असेल. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या मॅथ्यू कॅम्पेन यांच्या गटाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये लिहिलं की मृत माणसांच्या मेंदूत यकृत-मूत्रपिंडापेक्षा जास्त प्लास्टिक आहे, आणि २०१६च्या नमुन्यांपेक्षा २०२४च्या नमुन्यांत सुमारे दीडपट. मेंदू हा शरीरातला अत्यंत चरबीदार अवयव. आतली चरबी पुरती काढली नसेल तर ती पॉलिथिलीन म्हणून मोजली जाईल, हा आक्षेप अनेक शास्त्रज्ञांनी घेतला आणि तो वजनदार आहे. माझं मत : मेंदूत काहीच नाही असं नव्हे, पण ग्रॅममागे हजारो मायक्रोग्रॅम हा आकडा मी अजून मान्य करत नाही.

केतकी_पुणे

सगळं वाचून काढलं. माझा प्रश्न अगदी घरातला आहे. बाळ चार महिन्यांचं. मी कामावर रुजू झाले तेव्हापासून दिवसाच्या दोन वेळा वरचं दूध, बाटलीने. बाटली उकळते, मग गरम पाण्यात पावडर घालून हलवते. वारेत सापडलं, आईच्या दुधातही सापडलं असं वाचलं आणि खरंच झोप उडाली. बाटली बंद करू का? अंगावरचं दूधही चुकीचं का?

निशिगंधा

केतकी, अंगावरचं दूध मुळीच थांबवू नकोस. इटलीत २०२२ साली ३४ आयांच्या दुधाच्या नमुन्यांपैकी २६ मध्ये कण मिळाले हे खरं. पण त्याच दुधातून बाळाला जे मिळतं ते सिद्ध झालेलं आहे, आणि त्या कणांमुळे बाळाला काही झाल्याचं कुणी दाखवलेलं नाही. संशोधकांनीही स्तनपान चालूच ठेवा असंच सांगितलं.

बाटलीबद्दल मात्र करण्यासारखं आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२० साली पॉलिप्रोपिलीनच्या बाटल्या तपासल्या. गरम पाण्यात पावडर हलवताना लिटरमागे १ कोटी ६२ लाखांपर्यंत कण सुटले. उष्णता वाढली की आकडा चढतो, हलवल्याने आणखी चढतो. म्हणून क्रम बदल. बाटली उकळायचीच, जंतूंचा धोका आजचा आणि खरा आहे. उकळून झाल्यावर स्टीलच्या भांड्यात उकळून गार केलेल्या पाण्याने ती दोन-तीनदा विसळ. पावडर काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात गरम पाण्यात कालव, कोमट होऊ दे, मग बाटलीत ओत. प्लास्टिकची बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही. काचेची परवडत असेल तर तीच घे.

माईआजी

केतकी, आमच्या घरी चांदीचं बोंडलं होतं, त्याने चार नातवंडं वाढली. स्टीलचंही मिळतं. वाटी-चमच्यानेही बाळ पितं, दोन दिवस सांडतं मग शिकतं. घासायला उकळायला सोपं. सांभाळणाऱ्या बाईंना एकदा बसून दाखव.

मागवाला

सगळी चर्चा तोंडाने गेलेल्या प्लास्टिकची चालली आहे. मी मालेगावचा. आमच्याकडे यंत्रमाग. वडिलांच्या वेळी सुती, आता बरंचसं पॉलिस्टर आणि पॉलिस्टर-कॉटन. साचे, म्हणजे माग, चालू असताना खिडकीतून ऊन आत आलं की हवेत काय तरंगतंय ते दिसतं. संध्याकाळी मागाच्या चौकटीवर, ट्यूबलाइटवर, कारागिरांच्या भुवयांवर पांढरट थर. हे आकडे लिटरमागे मोजत बसायची गरज नाही, हाताने पुसता येतं. कापसाच्या धुळीने छाती भरते हे सगळ्यांना माहीत आहे. पॉलिस्टरच्या तंतूचं काय? याच्यावर कोणी लिहिलंय का?

अनघा_मिरज

मागवाला, लिहिलंय, आणि मायक्रोप्लास्टिक हा शब्द रूढ व्हायच्या आधी लिहिलंय. मी श्वसनविकाराची डॉक्टर आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये नायलॉनच्या बारीक कापलेल्या तंतूंचं मखमली कापड बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना सुक्या खोकल्याचा, धाप लागण्याचा विकार झाला. फुप्फुसाच्या जाळीला दाह. १९९८ साली तो वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. काम सोडल्यावर काहींना बरं वाटलं, परत गेल्यावर पुन्हा त्रास. कामाशी संबंध याहून स्पष्ट काय असणार. माझ्या मते माणसाला प्लास्टिकच्या कणांनी अपाय होतो याचा आजचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच आहे, आणि नेमका तोच कुणाला आठवत नाही, कारण तो कामगारांचा आहे. मात्रा मोठी, वर्षं अनेक.

सर्वसाधारण माणसाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये हल यॉर्क वैद्यकीय महाविद्यालयाने २०२२ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या जिवंत फुप्फुसाचे १३ नमुने पाहिले, ११ मध्ये कण होते. पॉलिप्रोपिलीन आणि पीईटी, म्हणजे आपल्या पॉलिस्टरचंच द्रव्य, सगळ्यात जास्त. खालच्या भागातही होते, जिथे एवढे मोठे कण पोचत नाहीत असं आम्ही शिकलो होतो.

तुमच्या कारखान्यात करण्यासारखं : झाडूने कोरडं झाडू नका, आणि हवेच्या झोताने मागावरची धूळ उडवणं तर बंदच करा. पुसायचं किंवा ओढून घेणारं यंत्र लावायचं. साफसफाईच्या वेळी एन-९५ मास्क, रुमाल नाही. ज्याचा खोकला दोन आठवड्यांवर गेला त्याची क्षयासाठी थुंकी तपासाच, पण ती निगेटिव्ह आली म्हणून सोडून देऊ नका. फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी करून घ्या, आणि डॉक्टरांना काम काय करता ते सांगा. आमच्या ओपीडीत 'मजुरी' एवढंच लिहून येतं.

आणखी एक अभ्यास इथे यायलाच हवा. मार्च २०२४, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन', इटलीतला. मानेच्या रोहिणीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेले २५७ रुग्ण. १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन. सुमारे ३४ महिने पाठपुरावा केला. प्लास्टिक असलेल्यांत २० टक्के लोकांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू. नसलेल्यांत ७.५ टक्के. वय, मधुमेह वगैरे वजा जाता धोका साडेचार पट. संशोधकांनी स्वतःच लिहिलंय की यातून कारण सिद्ध होत नाही. ज्याच्या थरात प्लास्टिक जास्त तो कदाचित वेगळं खातो, वेगळ्या हवेत राहतो. पण हा आकडा मी दुर्लक्षित करू शकत नाही.

मागवाला

अनघाताई, हवेच्या पाइपचं अगदी बरोबर ओळखलंत. रोज पाळी सुटताना तोच मारतात, काम पटकन होतं म्हणून. उद्याच बोलतो. या माहितीचा कागद करून भिंतीवर लावला तर चालेल ना?

अनघा_मिरज

जरूर लावा. हिंदी-उर्दूतही करून लावा, सगळ्यांना वाचता आला पाहिजे.

खाडीकाठ

डॉक्टरांनी सस्तन प्राणी म्हटलंय तर समुद्रातलेही घेऊया. ब्रिटनच्या किनाऱ्यावर मरून लागलेले ५० प्राणी, १० जाती : डॉल्फिन, सील, पॉर्पॉइज, एक बुटका स्पर्म व्हेल. २०१९च्या अभ्यासात एकूण एक प्राण्याच्या पोट-आतड्यात कण मिळाले. सरासरी मात्र प्राण्यामागे फक्त साडेपाच कण, आणि ८४ टक्के तंतू. पोट-आतड्यातलं बरंचसं पुढे निघून जातं असं यावरून वाटतं. पण २०२३ साली ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी ३२ प्राण्यांची चरबी आणि फुप्फुसं पाहिली तर दोनतृतीयांश प्राण्यांत कण. म्हणजे काही ऊतींपर्यंत पोचतात. आमच्या मालवण-देवगडच्या पाण्यात कुबडे डॉल्फिन किनाऱ्याला लागूनच फिरतात, खाडीचं पाणी जिथे समुद्राला मिळतं तिथेच. त्यांच्यावर असं काम व्हायला हवं.

मिठाचं कुणीतरी विचारेलच. आयआयटी मुंबईने २०१८ साली समुद्री मिठाच्या ब्रँडमध्ये कण शोधले. रोज पाच ग्रॅम मीठ धरलं तर वर्षाला साधारण ११७ मायक्रोग्रॅम प्लास्टिक. मीठागरात घेण्याआधी पाणी वाळूतून गाळलं तर वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त कमी होतं, हेही त्यांनीच दाखवलं. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. हे घरी बसून करण्यासारखं नाही, पण आगरात वाळूचा गाळा घालणं फार खर्चाचंही नाही.

अण्णा_सोलापूर

मागवाल्यांचं वाचून विचारात पडलो. आमच्या सोलापुरातही माग आहेत, माझा धाकटा भाऊ टेरी टॉवेलच्या कारखान्यात होता, दम्याने गेला. तो सुती धाग्यात होता, तरी धूळ ती धूळ.

मग आमच्यासारख्याने घरात काय करावं? फिल्टर न घेता.

सूक्ष्मदर्शी

अण्णा, सोलापूरच्या बोअरचं पाणी जड असतं ना? मग एक सोपी गोष्ट आहे. ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवलं की जड पाणी पाच मिनिटं उकळलं की जो पांढरा चुना खाली बसतो तो कणांना धरून बसवतो. खूप जड पाण्यात ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले. मऊ पाण्यात मात्र साधारण चौथा हिस्साच. उकळा, पूर्ण निवळू द्या, तळ न ढवळता वरचं पाणी घट्ट सुती कापडातून गाळून घ्या. भांडं स्टीलचं किंवा तांब्याचं.

आणि टपरीवरचा कागदी कप. तो कागदाचा नसतो, आतून प्लास्टिकचा पापुद्रा असतो, बहुतेक वेळा पॉलिथिलीनचा. आयआयटी खरगपूरने २०२१ साली मोजलं : १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं की सुमारे २५ हजार कण. चहा काचेच्या ग्लासात मागा.

रानवाटा

वाचत होतो, दोन दिवस बाहेर होतो. कुत्र्यांचं राहिलं, ते माझ्या क्षेत्रातलं म्हणून लिहितो. न्यू मेक्सिको विद्यापीठाने २०२४ साली नसबंदीत काढलेली ४७ कुत्र्यांची वृषणं आणि २३ माणसांची वृषणं तपासली. सगळ्यांत प्लास्टिक, माणसांत कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट. कुत्र्यांत जिथे पीव्हीसी जास्त तिथे शुक्राणूंची संख्या कमी. माणसांचे नमुने जतन केलेले होते त्यामुळे शुक्राणू मोजता आले नाहीत. पद्धत तीच तापवून मोडायची, त्यामुळे सूक्ष्मदर्शींचा आक्षेप इथेही लागू. पण कुत्रा आपल्याच घरात, आपलीच हवा, आपल्याच फरशीवर. नसबंदीच्या शिबिरांत रोज हे अवयव फेकले जातात. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी ठरवलं तर हा अभ्यास इथे पुन्हा करणं अवघड नाही. मी माझ्या जुन्या विभागाला पत्र लिहिणार आहे.

दूध चालेल का, या प्रश्नावर मी आता शेतकऱ्याला सांगेन : चालेल. दूध तोडण्यासारखा पुरावा नाही. गाईच्या पोटात प्लास्टिक जाऊ देऊ नका, ते मात्र आजच्या आज.

शेतीवाडी

डॉक्टर, त्याच मुद्द्यावर. माझ्या दहा गाई, मुक्त गोठा, उकिरड्यावर एकही जात नाही. पण मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, प्लास्टिकच्या बॅगमधला. बॅग कापताना आतल्या अस्तराचे तुकडे पडतात, कधी कधी कुट्टीबरोबर गव्हाणीत जातात. शिवाय टोमॅटोचा मल्चिंग पेपर काढला तरी निम्मा रानात राहतो, आणि नंतर तिथे मका. याने काही होतं का?

रानवाटा

होतं. मुक्त गोठ्यातल्या गाईंच्या पोटातूनही मी अस्तराच्या पट्ट्या काढल्या आहेत. बॅग ब्लेडने कुठेही टरकावू नका. तोंडाची बाजू एका सरळ रेषेत कापा, कापलेली पट्टी हातात धरूनच बाहेर घ्या आणि बाजूला टांगलेल्या पोत्यात टाका. खाद्याच्या पोत्याची शिलाई ओढली की तो धागा खिशात, जमिनीवर नाही. तोच धागा पुढे पोटात इतर गोष्टींना बांधतो.

मल्चिंग पेपर ओला असताना, पाणी देऊन झाल्यावर ओढा, कमी फाटतो. पुढच्या वेळी जाड घ्या. हलका पेपर स्वस्त पडतो पण हातात तुकडेच येतात. राहिलेल्या पेपरवर रोटाव्हेटर फिरवू नका. मेंढ्यांच्या लेंडीत जे सापडलं त्याची सुरुवात तिथूनच होते. जाळूही नका.

आणि गाई प्लास्टिक, चिंध्या, माती चाटत असतील तर आधी क्षार मिश्रण चालू आहे का ते बघा. स्फुरद (फॉस्फरस) कमी पडलं की जनावर असं काहीबाही खातं. रोज गाईमागे पन्नास ग्रॅम, खाद्यात मिसळून. महिनाभर देऊन चाटणं थांबतंय का ते इथेच कळवा.